स्कूटरची वीज पुन्हा पुन्हा का बिघडते?



तोडणी कार्यक्रम, लागणीचे बेणे, खोडव्याचे व्यवस्थापन हे आपले नेहमीचे विषय. या वेळी जरा वेगळा विषय घेतला आहे, पण तोही घरोघरचाच आहे. गट ऑफिसला जायचे तरी स्कूटर, डेअरीला दूध घालायचे तरी स्कूटर, मुलीला कॉलेजच्या एस.टी.पर्यंत सोडायचे तरी स्कूटर. मोटारसायकल घरातला एकटा कर्ता वापरतो. स्कूटर मात्र सासू सोडून सगळेजण चालवतात. (काही ठिकाणी सासूबाईही चालवतात, त्यांचे अभिनंदन!) त्यामुळे ती बिघडली की सारे घर अडते.

इंजिनाचा मोठा बिघाड वर्षा-दोन वर्षांत एखादा होतो. वैताग आणतो तो विजेचा बिघाड. आज बॅटरी बसली, नवी टाकली. चार महिन्यांनी पुन्हा बसली. फ्यूज उडाला, बदलला. आठ दिवसांनी पुन्हा उडाला. पुढचा बल्ब तर काही जण महिन्याच्या किराणा यादीतच धरतात. कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात काम करीत असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारच्या गाड्या बघण्याचे काम माझ्या गळ्यात आपोआप पडते, आणि दहा गाड्या पाहिल्या तर आठ ठिकाणी एकच प्रकार दिसतो : सामान बदलले गेले, दोष शोधला गेला नाही. वस्तू एकदा बिघडली तर ती झिजली असे म्हणता येईल. तीच वस्तू तीनदा बिघडली, तर बिघाड त्या वस्तूत नसून दुसरीकडे आहे, असे धरूनच चालावे.

हा प्रश्न पैशापुरता नाही. आपल्याकडे रात्रीच्या थ्री फेजवर पाणी देणारे किती जण आहेत ते सांगायला नको. रात्री दीड वाजता दारं धरायला निघालेला माणूस, रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, आणि स्कूटरचा मागचा दिवा गेलेला. मागच्या एका हंगामात एका सभासदाचा मुलगा असाच पुलाच्या अलीकडे अडकला. फ्यूज उडाला, गाडी बंद, पुढचा-मागचा दोन्ही दिवे गेले. मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उताराला लागलेला. पोराने गाडी सोडून मोबाईलची बॅटरी हलवीत मागे धाव घेतली म्हणून निभावले. त्याच फ्यूजच्या जागी त्याआधी तीनदा नवा फ्यूज बसवलेला होता.

मोटर-पाइपलाइनचा हिशोब

वीज दिसत नाही म्हणून माणूस तिला भितो. पण शेतकऱ्याला ती समजायला काहीच अवघड नाही, कारण पाइपलाइन त्याला पाठ असते. व्होल्ट म्हणजे पाण्याचे प्रेशर. अँपिअर म्हणजे वाहणारे पाणी. गंजलेला, सैल झालेला जोड म्हणजे चोंदलेला ड्रीपर. आता पुढचे नीट ध्यानात घ्यावे. व्हॉल्व्ह बंद ठेवून पाइपाला गेज लावला तर तो पूर्ण प्रेशर दाखवतो, मग पाइपात अर्धी माती का भरलेली असेना. व्हॉल्व्ह उघडला की प्रेशर कोसळते आणि खरा प्रकार उघडा पडतो. स्कूटरचे अगदी तसेच आहे. नुसती चावी बंद ठेवून बॅटरी मोजली, 12.6 व्होल्ट आले, आणि 'बॅटरी एकदम ओके' असे म्हटले, तर ते बंद व्हॉल्व्हचे मोजमाप झाले. सेल्फचे बटण दाबून मोजले पाहिजे. त्या वेळी आकडा साडेनऊ-दहाच्या खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे. आकडा टिकून राहिला आणि तरी सेल्फ कण्हत असला, तर बॅटरी चांगली असून वीज वाटेत अडते आहे.

यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो. पाचशे रुपयांच्या आत मिळतो, आणि मोटरच्या स्टार्टरलाही उपयोगी पडतो. ज्याने स्कूटरपायी दोन बॅटऱ्या बदलल्या, त्याने हा खर्च आधीच चारदा केलेला आहे.

स्कूटरची बॅटरी ही किती छोटी टाकी असते याची पुष्कळांना कल्पना नसते. सर्वसाधारण बिनगिअरच्या स्कूटरला 12 व्होल्ट, 3 ते 5 अँपिअर-अवरची बॅटरी असते. पुढचा 35 वॅटचा बल्ब सुमारे तीन अँपिअर खातो. म्हणजे इंजिन बंद ठेवून बॅटरीवर तेवढा एक बल्ब लावला, तर लहान बॅटरी तासाभरात आडवी होईल. ट्रॅक्टरच्या बॅटरीशी तिची तुलना करू नये.

आधी अर्थिंग, मग बाकीचे

कोणताही विजेचा बिघाड घेऊन गाडी आली की मी पहिल्यांदा बॅटरीची टोके आणि अर्थिंगची वायर बघतो. मेकॅनिक मंडळी हे काम सर्वांत शेवटी करतात, किंवा करीतच नाहीत, कारण यात सामान विकले जात नाही.

बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून निघालेली जाड वायर बॉडीला किंवा इंजिनाला बोल्टने आवळलेली असते. दिव्यांची, हॉर्नची, सेल्फची सगळी वीज याच वाटेने परत येते. स्कूटरचे इंजिन रबरी बुशांवर टांगलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापर्यंत गेलेली अर्थची वायर धड असलीच पाहिजे. ती गंजली की वीज दुसरी वाट शोधते. कधी ती अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा ब्रेकच्या केबलीतून जाते. सेल्फ मारल्यावर एखादी केबल हाताला कोमट लागली किंवा अचानक जड चालू लागली, तर केबल बदलण्याआधी अर्थिंग बघा. नुसती केबल बदलली तर नवी केबलही तशीच जाईल.

आपल्या भागात अर्थिंग खराब होण्याला एक खास कारण आहे, ते म्हणजे खताचे पोते. पायदानावर युरिया, पोटॅश, सुपर फॉस्फेटची पोती आपण सर्रास आणतो. पोते कुठेतरी उसवलेले असते, दाणे सांडतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि ते खारे पाणी पत्र्याच्या सांध्यात, वायरींच्या कपलरमध्ये उतरते. पोटॅश म्हणजे शेवटी एक प्रकारचे मीठच. ते लोखंडाला आणि तांब्याला दोघांनाही सोडत नाही. काही गाड्यांत वायरींचा जुडगा याच पायदानाखालून मागे जातो. पोते आणायचे तर खाली जुना ताडपत्रीचा तुकडा टाकावा, आणि नंतर पायदान साध्या पाण्याने धुवावे. साध्या पाण्याने म्हणतो आहे, फवारणीच्या एच.टी.पी. पंपाने नव्हे! तो जोराचा फवारा हेडलाइटच्या मागच्या कपलरमध्ये आणि स्विचांत पाणी घुसवतो. मग 'धुतल्यापासून इंडिकेटर आपोआप लागतोय' अशी तक्रार येते.

अर्थिंग तपासायची रीत अशी. मीटर व्होल्टवर ठेवून एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर धरावी, दुसरी इंजिनाच्या बिनरंगाच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या माणसाने सेल्फ दाबावा. मीटरवर जवळजवळ शून्य राहिले पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या आत ठीक. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तेवढे प्रेशर त्या गंजलेल्या जोडात वाया जाते आहे. बोल्ट काढून दोन्ही अंगे पॉलिश पेपरने चकचकीत घासावीत, पत्र्यावरचा रंगही तेवढ्या जागी काढावा, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. आधी व्हॅसलीन आणि मग बोल्ट, असे करू नये. आणि बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह वायर काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी. उलट केले आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. सीटखाली पेट्रोलची टाकी आहे हे विसरू नये.

बॅटरी बसते, की भरतच नाही?

बॅटरी वारंवार उतरण्याची दोनच कारणे असतात. एकतर ती भरत नाही, किंवा भरलेली गळते. कोणते ते न ठरवता नवी बॅटरी टाकणे म्हणजे विहिरीत पाणी आहे की नाही ते न बघता मोटर बदलणे होय.

भरते का ते असे बघावे. इंजिन चालू करून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. रेस थोडी वाढवली की आकडा 13.8 ते 14.8 च्या आसपास यायला हवा. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा. रेस वाढवूनही 13 च्या पुढे सरकत नसेल, तर मॅग्नेटोची कॉइल, रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा त्यांच्यामधला कपलर यांपैकी काहीतरी गेले आहे. कपलर आधी उघडून बघावा. त्यातली एखादी पिन काळी पडून प्लॅस्टिक वितळलेले असते आणि उगाच महागडा रेग्युलेटर बदलला जातो. उलट आकडा 15 च्या वर चढत गेला तर रेग्युलेटर प्रेशर आवरत नाही. अशा गाडीत बॅटरी फुगते आणि बल्ब धडाधड उडतात. दर महिन्याला बल्ब बदलणाऱ्यांनी हे एकदा मोजून घ्यावेच.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि गाडी चालू राहिली तर चार्जिंग चांगले, अशी एक जुनी परीक्षा अजून काही गॅरेजांत करतात. कृपा करून ती आपल्या गाडीवर करू देऊ नये. बॅटरी निघाली की व्होल्ट एकदम उसळतात, आणि आजच्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक सामग्री त्यात जळू शकते.

आता गळती. विहिरीवर फुटव्हॉल्व्ह गळत असला की रात्रीत पाइप रिकामा होतो आणि सकाळी पाणी भरून मोटर सुरू करावी लागते. मोटर चांगली, विहीर भरलेली, दोष फक्त फुटव्हॉल्व्हचा. स्कूटरमध्येही असा फुटव्हॉल्व्ह असतो. पलीकडच्या गावच्या एका सभासदाची गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नसे. वर्ष-सव्वा वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या, तिसरी टाकायची बोलणी चालली होती. चार्जिंग मोजले, 14.2 आले. म्हणजे ते निर्दोष. मग चावी बंद करून निगेटिव्ह वायर सोडली आणि टोक व वायर यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावला. तीस मिलिअँपिअर वाहत होते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हिशोब करा : दिवसाला 0.72 अँपिअर-अवर, चार दिवसांत जवळजवळ 2.9. त्यांची बॅटरी 3 ची. टाकी बरोबर चार दिवसांत रिकामी!

फ्यूज काढला तरी गळती थांबेना. याचा अर्थ गळती फ्यूजच्या अलीकडे, थेट बॅटरीवर. सीटखाली हात घातला तर मोबाईल चार्जिंगचा एक छोटा डबा सापडला. थोरल्या चिरंजीवांनी बसवलेला, चावीला न विचारता थेट बॅटरीच्या टोकांना जोडलेला. मोबाईल लावा न लावा, तो आपला घोट घोट पीत होता. तो काढल्यावर मीटर शून्याजवळ आला. दुसरी बॅटरी अजून चालू आहे.

ही तपासणी करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. मीटर 10 अँपिअरच्या भोकातून लावावा, आणि तो मध्ये असताना सेल्फला हात लावू नये. सेल्फ कितीतरी जास्त अँपिअर ओढतो, मीटर जागच्या जागी जातो. आणि अँपिअरवर ठेवलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर कधीही टेकवू नये, तो सरळ शॉर्ट होतो.

जादा एल.ई.डी. दिवे, म्युझिकल हॉर्न, चोर-अलार्म, हे सारे लावू नये असे मी म्हणत नाही. पण वायर सोलून, पिळून, वर सेलोटेप गुंडाळून केलेला जोड हा जोड नव्हे. दिवा जादा हवा तर चावीच्या पुढून, स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालून घ्यावा.

उडणारा फ्यूज

फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून बसवणारे महाभाग अजून आहेत. पंधरा अँपिअरच्या जागी तीसचा बसवणारेही आहेत. फ्यूज ही साखळीतली मुद्दाम कच्ची ठेवलेली कडी आहे. ती पक्की केली की तुटण्याची पाळी वायरीवर येते, आणि वायर तुटत नाही, पेटते.

फ्यूज कुठल्या शॉर्टमुळे उडतो ते शोधायची युक्ती सोपी आहे, पैसे पडत नाहीत. इंडिकेटरचा किंवा ब्रेक लाइटचा एक जुना 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या जागी तो बल्ब बसवा. आता शॉर्ट झाला तरी फ्यूज उडणार नाही, बल्ब लख्ख पेटेल. इंजिन चालू न करता चावी लावा. बल्ब विझलेला किंवा मंद राहील. पेट्रोल पंपाची मोटर असलेल्या नव्या गाडीत क्षणभर उजळून मंदावेल. मग एकेक बटण दाबत जा. इंडिकेटर, ब्रेक, हॉर्न. ते चालू झाले की बल्ब मिणमिणता पेटेल, तेवढे चालते. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. वायरींचा जुडगा जागोजाग हलवून बघा. ज्या क्षणी बल्ब भक्कन पूर्ण तेजाने पेटेल, तिथेच चोर आहे.

बहुतेक वेळा हा चोर हँडलच्या मानेत सापडतो. दिवसातून शेकडो वेळा हँडल वळते, तिथे वायर पत्र्याला घासून सोलते आणि फक्त एका बाजूला वळल्यावरच टेकते. म्हणूनच गॅरेजमध्ये सरळ उभी केलेली गाडी 'काहीच प्रॉब्लेम नाही' असे सांगते आणि पुलाच्या वळणावर फ्यूज उडतो. दुसरी जागा मागच्या मडगार्डमधली, जिथे चिखल आणि दगड लागतात. तिसरी जागा म्हणजे उंदीर. ऊस तुटला की फडातले उंदीर गोठ्याकडे सरकतात आणि उबदार इंजिनाशेजारी मुक्काम करतात. त्यांचे पुढचे दात सारखे वाढतात, ते झिजवायला त्यांना काहीतरी कुरतडावेच लागते. गोठ्यात पेंडीच्या पोत्यांशेजारी स्कूटर लावणे म्हणजे त्यांना ताट वाढणे आहे.

पावसात बंद पडणारी गाडी आणि तापल्यावर बंद पडणारी गाडी हे दोन वेगळे आजार. पावसात बंद पडली तर प्लगची टोपी, जाड वायर, कपलर यांत ओल आहे. पाच-दहा किलोमीटर चालून तापल्यावर बंद पडते आणि अर्धा तास थांबले की काही न करता सुरू होते, अशी तक्रार असेल, तर इग्निशनची कॉइल, पिकअप कॉइल किंवा सी.डी.आय. यांच्यावर संशय घ्यावा. आत बारीक तुटलेली तार गरम झाली की फाकते, गार झाली की जुळते. हे मेकॅनिकला सांगितले पाहिजे. 'गाडी बघा जरा' एवढेच सांगून चहाला जाऊ नये. कधी बंद पडते, ब्रेक दाबल्यावर की वळताना, गार असता की तापल्यावर, हे तारखेनिशी एका कागदावर टिपून द्यावे. आणि बिल देण्यापूर्वी 'आता चार्जिंग किती येते ते मीटरवर दाखवा' असे म्हणावे. चांगला मेकॅनिक याचा राग मानीत नाही.

चेतकवाल्यांसाठी

काही घरांत जुनी चेतक किंवा प्रिया अजून जपलेली आहे. चेतक 1972 साली आली. प्रिया बनवणारी महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी 1975 मध्ये आपल्या साताऱ्यात निघाली, पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीत. 2009 साली बजाजने स्कूटर बनवणे थांबवण्याचे जाहीर केले, तरी वडिलांची गाडी म्हणून ती विकवत नाही. या गाड्यांचा न्याय निराळा. जुन्या 6 व्होल्टच्या अनेक गाड्यांत बॅटरीच नाही. मॅग्नेटो फिरेल तेवढी वीज. रेग्युलेटर नसलेल्या गाडीत सगळे बल्ब मिळून प्रेशर वाटून घेतात. पुढचा मोठा बल्ब गेला की त्याच्या वाटणीचे प्रेशर मागच्या बिचाऱ्या छोट्या बल्बवर येते आणि तोही जातो. म्हणून बल्ब सांगितलेल्या वॅटचाच घालावा. व्हेस्पाच्या धर्तीच्या काही जुन्या गाड्यांत तर ब्रेक लाइटचा बल्ब उडाला की ब्रेक दाबताच इंजिन बंद पडते, कारण तो बल्ब इग्निशनच्या वाटेतच घातलेला असतो. पॉइंट सारखे जळून निळे पडत असतील तर पॉइंट घासत बसू नका, कंडेन्सर बदला. एक मात्र खरे, ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून सुरू करता येत असे. आजची बिनगिअरची स्कूटर गावभर ढकलली तरी सुरू होणार नाही.

आणि आजच्या गाडीची आणखी एक गोष्ट. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींना दिवसाही पुढचा दिवा चालू राहतो, तो बंद करण्याचे बटण नाही. 1 एप्रिल 2020 पासून बी.एस.-6 आले आणि कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्यात पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली तर किक असूनही गाडी सुरू होईल याचा भरवसा नाही. म्हणून सेल्फ जड झाल्याचे पहिल्या दिवशीच मनावर घ्यावे. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी.

पूर्ण बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरीही आता गावात दिसू लागल्या आहेत. त्यांतही दिवे-हॉर्नची बाजू 12 व्होल्टचीच असते, आणि वरचे अर्थिंग, कपलर, पाण्याचा फवारा, उंदीर हे सारे तिलाही लागू आहे. परंतु मोठ्या बॅटरीचा डबा आणि मोटरकडे जाणाऱ्या जाड वायरी घरी उघडू नयेत, तिथे बल्ब लावून बघण्याचा प्रयोग चालत नाही. ते काम कंपनीच्या माणसाकडेच द्यावे.